आडनावातील एक अक्षर: गुहागर तालुक्यातील एका कुटुंबाचे दुबईतील पहिले बाळंतपण

गुहागर तालुक्यात किनाऱ्याला लागून असलेल्या एका गावातील हे प्रकरण आहे. कुटुंबाची ओळख उघड होऊ नये म्हणून गावाचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही, आणि काही तपशील बदलले आहेत. मी याच तालुक्यात ग्रामसेवक होतो आणि २०२१ मध्ये निवृत्त झालो. मुलीचे वडील माझे शाळासोबती. त्यामुळे मे २०२३ मध्ये मुलीला दिवस गेल्याची बातमी त्यांच्या घराबाहेर सर्वांत आधी माझ्याकडे आली, आणि ती आनंदाइतकीच काळजीने सांगितलेली होती.

मुलगी एकोणतीस वर्षांची. दुबईत एका व्यापारी कंपनीच्या हिशेब विभागात नोकरीला. जावई दापोलीकडचा, मालवाहतुकीच्या कंपनीत गोदामावर देखरेख करणारा. दोघांचे व्हिसा दुबईचे, राहणे मात्र शारजात, कारण तेथे घरभाडे कमी. लग्न फेब्रुवारी २०२० मध्ये मुलीच्या गावी, घरासमोरच्या मांडवात झाले होते. या प्रकरणात पुढे जी अडचण आली तिचे मूळ एका बारीक गोष्टीत आहे: दोघांनाही व्हिसा आपापल्या कंपनीने दिला होता. नवऱ्याने बायकोला आपल्या नावावर नेले असते, तर लग्नाचा दाखला प्रमाणित करून घेणे पहिल्याच दिवशी भाग पडले असते. दोघे स्वतंत्रपणे गेल्यामुळे तीन वर्षे त्या कागदाची कोणालाच गरज पडली नाही, आणि तो येथे चिपळूणला लॅमिनेशन करून आणून कपाटात ठेवलेला होता.

माहेरी की तिकडेच

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. मुलीच्या आईने तर फोन आल्याच्या दुसऱ्या दिवशी माजघरालगतची खोली रिकामी करायला घेतली होती. म्हणून पहिला प्रश्न हाच होता आणि तो भावनेचा होता. मी त्यांच्या पडवीत बसून दिनदर्शिका मांडीवर घेतली आणि दिवस मोजून दाखवले, कारण अशा वेळी तारखा समोर ठेवल्याशिवाय मन तयार होत नाही असा माझा अनुभव आहे.

डॉक्टरांनी दिलेली तारीख होती ९ डिसेंबर. विमान कंपन्या साधारणपणे अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर डॉक्टरांचे पत्र मागतात आणि छत्तीस आठवड्यांच्या पुढे गरोदर स्त्रीला घेत नाहीत. मुंबईला तीन तासांत उतरता येईल, पण तेथून गुहागरपर्यंतचा रस्ता किंवा चिपळूणपर्यंतची रेल्वे आणि पुढचा घाटवळणांचा प्रवास पाहता एकतिसाव्या आठवड्याच्या पुढे जाणे मला योग्य वाटले नाही. म्हणजे ७ ऑक्टोबरला यायचे. बाळंतपण आणि त्यानंतरचा सव्वा महिना धरला की १८ जानेवारी उजाडतो. रहिवासी व्हिसा असलेला माणूस सलग १८० दिवस देशाबाहेर राहिला, तर तो व्हिसा रद्द समजला जातो, आणि ते १८० दिवस ४ एप्रिलला भरत होते. उरलेल्या ७७ दिवसांत बाळाचा येथील जन्मदाखला, त्याचे प्रमाणीकरण, पासपोर्ट आणि तिकडचा प्रवेश परवाना एवढे सगळे बसवायचे होते. बसले असते, पण ओढून ताणून.

खरी अडचण रजेची निघाली. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस आहे, आणि आईच्या डोक्यात तोच आकडा होता. संयुक्त अरब अमिरातींमध्ये २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या कामगार कायद्यानुसार खाजगी नोकरीत ही रजा ६० दिवसांची आहे, त्यातील ४५ दिवस पूर्ण पगारी आणि १५ दिवस अर्धपगारी. ऑक्टोबरमध्ये माहेरी यायचे म्हणजे नोकरी सोडायची, आणि नोकरी गेली की व्हिसाही गेला. शिवाय बाळंतपणाचा खर्च उचलणारा विमा तिकडच्या रुग्णालयांपुरता होता. हा हिशेब ऐकल्यावर आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "भाऊजी, मग मीच जाते तिकडे." निर्णय तेथेच झाला.

मला हा निर्णय बरोबर वाटला आणि आजही वाटतो. मात्र तो माहेरच्या मायेविरुद्ध गेला असे कोणी समजू नये. एका विमानप्रवासाच्या जागी दुसरा प्रवास आला, आणि अवघडलेल्या मुलीऐवजी धडधाकट आईने तो केला, एवढाच त्याचा अर्थ.

दाखल्यातील 'व'

रुग्णालयात नाव नोंदवताना पहिल्याच भेटीत खिडकीवर सांगण्यात आले, की तपासण्या सुरू करू, पण जन्माची नोंद करताना लग्नाचा प्रमाणित दाखला लागेल. जावयाने दाखल्याचा फोटो मागवून घेतला आणि त्याच रात्री त्याचा मला फोन आला. "काका, पासपोर्टवर आमच्या आडनावात 'व्ही' आहे, दाखल्यात 'डब्ल्यू' आहे." मराठीत एकच 'व'. नोंदवहीत मराठी नाव अगदी बरोबर होते. इंग्रजी उताऱ्यात मात्र ते दुसऱ्या अक्षराने लिहिले गेले होते.

त्या दाखल्यावर सही माझी होती. त्या दिवशी समोर आलेल्या विवाह ज्ञापनावरून, म्हणजे नोंदणीसाठी भरून दिलेल्या अर्जावरून, नाव उतरवले गेले आणि मी पासपोर्ट मागितला नाही. वराचा पासपोर्ट आहे हे मला ठाऊक होते, तो आखातात जाणार हेही ठाऊक होते, आणि तरी मला ते सुचले नाही. या किनाऱ्यावर घरटी एक माणूस बाहेर आहे, अशा गावात नोंदणी करणाऱ्याने ही गोष्ट विचारायलाच हवी होती. तो दोष माझा आहे, आणि हे प्रकरण लिहून काढण्याचे तेच मुख्य कारण आहे.

दुसरी अडचण लॅमिनेशनची. पावसाळ्यात आपल्याकडे कागद सादळतो, त्याला बुरशी धरते, म्हणून महत्त्वाचा कागद प्लास्टिकमध्ये बंद करून घेण्याची सवय घरोघरी आहे. पण प्रमाणीकरणाचे शिक्के आणि चिकटपट्ट्या मूळ कागदावर, बहुधा त्याच्या पाठीमागे, लावल्या जातात. लॅमिनेशन केलेला कागद त्यासाठी घेत नाहीत. म्हणजे अक्षर बरोबर असते तरी नवी प्रत काढावीच लागली असती. मुलीच्या वडिलांना याचे फार वाईट वाटले. त्यांनी ते जपण्यासाठीच केले होते.

दुरुस्तीचा अर्ज जूनमध्ये दिला. दोघांचे पासपोर्ट, लग्नपत्रिका, साक्षीदारांचे कागद आणि प्रतिज्ञापत्र जोडले. माझ्या जागी आलेल्या ग्रामसेवकाकडे तीन गावांचा कारभार, त्यात भर पावसाचे दिवस. त्यांनी टाळाटाळ केली असे मी म्हणणार नाही, पण जुन्या नोंदीवर दुरुस्ती करताना नवा माणूस चार वेळा विचार करतो, आणि तो करावाच. नवा दाखला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हाती आला. मग मुंबईत राज्य शासनाकडून, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाकडून, पुढे अमिरातींच्या येथील वकिलातीकडून आणि शेवटी दुबईत त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून असे चार टप्पे झाले. २००५ पासून भारत अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे युरोपातील बहुतेक देशांसाठी एका शिक्क्यावर भागते. अमिरातींसाठी मात्र त्या वेळी ही लांबची वाट चालावी लागली. सप्टेंबरअखेर कागद पूर्ण झाला. तेव्हा मुलीला तिसावा आठवडा चालू होता. एका दाखल्याला चार महिने लागले.

असा दाखला नसेल तर बाळाचे काय होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. अमिरातींमध्ये जन्मलेल्या परदेशी मुलाला तेथील नागरिकत्व मिळत नाही. आणि भारतीय नागरिकत्वही आपोआप मिळत नाही, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ नुसार, ३ डिसेंबर २००४ पासून पुढे भारताबाहेर जन्मलेल्या मुलाचा जन्म एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंदवावा लागतो, आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे आईवडिलांनी लिहून द्यावे लागते. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी लागते. ही नोंद होईपर्यंत, आईवडील दोघेही भारतीय असूनही, त्या बाळाच्या हातात कोणत्याच देशाचा कागद नसतो. तिकडचा जन्मदाखला नाही तर वकिलातीत नोंद नाही, नोंद नाही तर पासपोर्ट नाही, आणि पासपोर्ट नाही तर जन्मापासून १२० दिवसांत करून घ्यायचा रहिवासी व्हिसा नाही. ही सगळी साखळी आपल्या ग्रामपंचायतीच्या टेबलावरील एका नोंदवहीपासून सुरू होते.

आजीची बॅग

आईचा भेटीचा व्हिसा ६० दिवसांचा काढला. कधी जायचे यावर घरात बरीच चर्चा झाली. लवकर गेली तर बाळंतपणानंतर दिवस कमी उरतात; उशिरा गेली आणि मुलगी आधीच मोकळी झाली तर काय? शेवटी १८ नोव्हेंबर ठरला. पहिलटकरणीच्या तारखा पुढे-मागे होतात हे लक्षात घेऊन तीन आठवडे आधीचा.

निघण्यापूर्वी चार दिवस मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ओटीवर सामान मांडलेले होते. सुपात आहळीव निवडून ठेवलेले, पितळी डब्यात डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, ओवा, सुंठ, खारकेची पूड, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, आणि एका फडक्यात गुंडाळलेली सहाण. आणि एका बरणीत पाव किलो खसखस. मी ती बरणी बाजूला काढली. खसखस अमिरातींमध्ये अमली पदार्थांच्या यादीत मोडते. ती नेणाऱ्या प्रवाशांना तेथे अटक झालेली आहे. आपल्याकडे बाळंतिणीला खसखशीची खीर देतात, अनारसा तिच्याशिवाय होत नाही, त्यामुळे हे आईला पटेना. "अहो, वाण्याकडे उघड्यावर मिळते ती," ती म्हणाली. मग तिच्याच लक्षात आले आणि तिने पितळी डब्याकडे पाहिले. लाडवांत खसखस भाजून घातलेली होती. ते सगळे लाडू तिने शेजारी वाटले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून नुसते खोबरे, खारीक आणि डिंक घालून नवे केले. हात कामात होते, पण तोंडाने ती लेकीशीच बोलत असल्यासारखी पुटपुटत होती.

बाळगुटीचा प्रश्न तिकडे गेल्यावर आला. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नको, पाणीसुद्धा नको, असे तेथील डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, आणि आपल्याकडचे डॉक्टर आणि जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगतात. चार मुलांना गुटी उगाळून दिलेल्या बाईने हे ऐकले आणि मानले, याचे मला मोठे कौतुक वाटते. सहाण बॅगेतच राहिली. धुरीही देता आली नाही, कारण इमारतीतील प्रत्येक घरात धुराची सूचना देणारे यंत्र छताला होते. तेलाचे मालीश, ऊन पाण्याची आंघोळ आणि पोट बांधणे एवढे मात्र तिने सव्वा महिना एकही दिवस न चुकता केले.

आणखी एक गोष्ट. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत डॉक्टरांनी मुलगी आहे हे सहज सांगून टाकले, तेथे त्याला बंदी नाही. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने ते सांगणे गुन्हा आहे, आणि तो कायदा कशामुळे करावा लागला हे आपण जाणतो. मुलीने ही गोष्ट जन्मापर्यंत येथे कोणालाही कळवली नाही. कायद्याने तिला तसे कोणी बांधले नव्हते. तिने ते स्वतःहून केले.

जन्म आणि दोन तारखा

१ डिसेंबर २०२३, शुक्रवार, रात्री दहा वाजून पन्नास मिनिटांनी दुबईतील रुग्णालयात मुलगी झाली. नैसर्गिक प्रसूती, वजन पावणेतीन किलो. त्या क्षणी गुहागरात बारा वीस झाले होते, म्हणजे २ डिसेंबर लागला होता. आजोबांनी दिनदर्शिकेवर २ तारखेला खूण केली आणि सकाळी पत्रिकेसाठी गुरुजींकडे तीच वेळ सांगितली. पत्रिका जन्मस्थळाच्या वेळेवरून आणि अक्षांश-रेखांशावरून मांडतात, हे गुरुजींनीच समजावले आणि कागद परत केला. पत्रिकेपुरती ही गोष्ट लहान आहे. पण हीच २ तारीख पुढे येथील शाळेच्या किंवा एखाद्या योजनेच्या अर्जात गेली असती, तर तीस वर्षांनी त्या मुलीला माझ्यासारखाच कोणी तरी जन्मतारखेच्या दुरुस्तीसाठी हेलपाटे घालताना दिसला असता. मी आजोबांकडून ती खूण खोडून घेतली.

लगेचच तेथील राष्ट्रीय दिनाची सुट्टी लागली, कार्यालये मंगळवारी उघडली. चौथ्या दिवशी बाळाला कावीळ दिसली, दोन दिवस निळ्या प्रकाशाखाली ठेवावे लागले. पहिले तीस दिवस बाळ आईच्या विम्यात धरले जाते, त्यामुळे त्या खर्चाचा भार पडला नाही. पण तीस दिवसांच्या आत बाळाचे नाव स्वतंत्रपणे विम्यात घालायचे असते, आणि बाळंतपणाच्या गडबडीत ही तारीख हमखास निसटते. जावयाने ती आधीच लिहून ठेवली होती.

नाव बारशाआधी द्यावे लागले, कारण जन्मदाखल्यासाठी ते हवे होते. आत्याने सुचवलेले नाव 'प' वरून होते. दाखला अरबी आणि इंग्रजीत निघतो, आणि अरबी लिपीत 'प' नाही, 'च' नाही, 'ळ' तर नाहीच. 'प' च्या जागी 'ब' लिहितात. घरात यावर दोन दिवस वाद झाला. माझे मत मी कळवले: पुढची सगळी कागदपत्रे इंग्रजी अक्षरांवरून चालतात, ती आईवडिलांच्या पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळली पाहिजेत, अरबीतील 'ब' साठी आवडीचे नाव सोडू नका. त्यांनी नाव ठेवले तेच. बाराव्या दिवशी शारजाच्या त्या दोन खोल्यांच्या घरात कपड्यांच्या टोपलीचा पाळणा करून बारसे झाले, आणि आत्याने येथून फोनवर बाळाच्या कानात नाव सांगितले.

जन्मदाखला १४ डिसेंबरला मिळाला. लग्नाचा दाखला खिडकीवर ठेवला तेव्हा कारकुनाने तो पासपोर्टशेजारी धरून बोटाने एकेक अक्षर तपासले, असे जावयाने मला सांगितले. वकिलातीतील जन्मनोंद आणि पासपोर्ट जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात झाले. १२० दिवस ३० मार्चला भरत होते. रहिवासी व्हिसा मार्चच्या सुरुवातीलाच हाती आला.

साठ दिवसांनंतर

कागद मार्गी लागले तरी बाळ कोण सांभाळणार हा प्रश्न उरलाच होता, आणि माझ्या मते अशा प्रत्येक कुटुंबात तोच सर्वांत अवघड असतो. आजीचा ६० दिवसांचा व्हिसा जानेवारीच्या मध्यावर संपत होता. मुलीची ६० दिवसांची रजा २७ नोव्हेंबरपासून सुरू झाली होती, ती २५ जानेवारीला संपत होती. दोन्ही मुदती आठवड्याभराच्या अंतराने एकत्र येत होत्या. आमच्या तालुक्यात मी अशी घरे पाहिली आहेत, जेथे तीन महिन्यांचे मूल आजीबरोबर गावी पाठवले गेले आणि चार वर्षांचे झाल्यावर आईवडिलांकडे परत गेले. त्या आईवडिलांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण त्यातील एका मुलाने विमानतळावर आईकडे जायला नकार दिल्याचे त्या आईनेच मला सांगितले आहे, आणि ते मी विसरू शकलेलो नाही.

या कुटुंबाने दोन्ही आज्यांची पाळी लावली. दापोलीची आजी १४ जानेवारीला पोहोचली आणि दोन विहिणी तीन दिवस एकत्र राहिल्या. बाळाच्या आंघोळीची रीत एकीने दुसरीच्या हाती दिली. पहिल्या सहा महिन्यांत आईवडिलांना प्रत्येकी पाच कामाच्या दिवसांची पालक रजा तेथील कायद्याने मिळते, आणि आईला कामाच्या वेळेतून दूध पाजण्यासाठी रोज एक तास. मुलीने हा तास हक्काने मागून घेतला आणि त्या जोरावर एक तास लवकर घरी येऊ लागली. तिच्या साहेबांना आधी ही तरतूद माहीत नव्हती. तिने कायद्याचे कलम छापून नेले. दुसऱ्या आजीचा व्हिसा संपताना तिने वार्षिक आणि बिनपगारी रजा जोडली आणि मार्चअखेर बाळासह गावी आली. मे महिन्यात परत जाताना आई पुन्हा तिच्याबरोबर गेली.

गावी असताना उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेने बाळाचे लसीकरणाचे कार्ड पाहिले. आपल्याकडे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना दिल्या जाणाऱ्या लसी तिकडे दोन, चार आणि सहा महिन्यांना देतात. राहिलेली लस येथे घ्यायची की परत गेल्यावर, हे तिने वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून ठरवून दिले आणि कार्डावर तारीख लिहून दिली.

आजोबांची मात्र एक इच्छा होती. नातीचा जन्म गावच्या नोंदवहीत यावा. ते मला घेऊन ग्रामपंचायतीत गेले. नव्या ग्रामसेवकाने त्यांना खुर्ची दिली आणि शांतपणे समजावले, की जन्म जेथे होतो तेथेच त्याची नोंद होते, परदेशातील जन्माची नोंद वकिलातीत होते आणि ती झालेली असल्याने येथे पुन्हा करता येत नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात तसेच आहे आणि मीही तेच सांगितले असते. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी पिशवीतून वकिलातीच्या दाखल्याची प्रत काढून टेबलावर ठेवली, ग्रामसेवकाने ती पूर्ण वाचली, आडनावावर क्षणभर थांबून माझ्याकडे पाहिले आणि परत दिली. घरी येताना शृंगारतळीच्या बाजारात आजोबांनी एका दुकानासमोर गाडी थांबवायला सांगितली आणि मला विचारले, "ह्याला लॅमिनेशन नको ना?" मी नको म्हटले. तेथून त्यांनी एक जाड प्लास्टिकची पिशवी तेवढी घेतली.